ठिपक्यांवर बक्षीस लावू नका : पुण्यातील वन्यजीव छायाचित्र स्पर्धेच्या आयोजकांना खुले पत्र

प्रति,
आयोजक, परीक्षक आणि छायाचित्र मंडळाचे पदाधिकारी,
पुणे

विषय : 'दुर्मीळ रंगरूप' हा नवा विभाग रद्द करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या स्पर्धेची नियमावली वाचली. पक्षी, कीटक, सस्तन प्राणी, अधिवास या नेहमीच्या विभागांच्या जोडीला आपण एक नवा विभाग आणला आहे : 'दुर्मीळ रंगरूप – वाघ आणि बिबट्या'. काळा बिबट्या, काळा, पांढरा किंवा सोनेरी वाघ, ठिपके एकमेकांत मिसळलेला बिबट्या, पट्टे पसरलेला वाघ. थोडक्यात, अंगावरची नक्षी चारचौघांसारखी नसलेलं जनावर. या विभागाचं बक्षीस बाकी सगळ्या विभागांपेक्षा मोठं आहे. शिवाय प्रवेशिकेत गाव किंवा जंगलातला नेमका भाग लिहिणं सक्तीचं आहे आणि प्रदर्शनात तो छायाचित्राखाली छापला जाणार आहे.

हे वाचल्यावर मी आपल्याला खासगी पत्र पाठवलं होतं. 'सूचनेची नोंद घेतली आहे' एवढं उत्तर आलं. फोनवर बोलले तेव्हा एका पदाधिकाऱ्यांनी सांगितलं, "लोकांना हेच बघायचं असतं, मॅडम." त्यानंतर याच विभागाची जाहिरात शहरभरच्या ग्रुपांवर फिरू लागली. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

माझा यात काय संबंध, ते आधी सांगते. मी बँकेत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन बाहेर पडते. भिगवणचे रोहित, सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यातली चिंकारा, कडबनवाडीच्या माळावरचे लांडगे असं करत हात बसला. आपल्या प्रदर्शनात माझी छायाचित्रं लागलेली आहेत आणि आपल्याच परीक्षकांकडून मी खूप शिकले आहे. पण बिबट्या मला शिकावा लागला नाही. आंबेगाव तालुक्यात माझं आजोळ आहे. मामांची वस्ती उसाच्या फडांच्या मधोमध आहे आणि तिथे बिबट्या हा रोजच्या बोलण्यातला विषय आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चार तालुक्यांत उसात जन्मून उसातच वाढलेल्या बिबट्यांच्या पिढ्या आहेत. त्याच तालुक्यांत माणसंही बळी गेली आहेत, लहान मुलं गेली आहेत. लोकांनी महामार्ग अडवले आहेत. पुण्यात बसून या प्राण्याकडे नुसता देखणा विषय म्हणून बघणं मला कधी जमलं नाही, ते यामुळे.

याच भागात कालव्याच्या भरावावरून मला एक मादी दिसली होती. तिच्या पाठीवरचे ठिपके सुटे नव्हते. खांद्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत ते एकमेकांत मिसळून लांब काळ्या रेघा झाल्या होत्या. कुशीवर मात्र नेहमीची पोकळ फुलं. असं जनावर मी आधी कधी पाहिलं नव्हतं. दोन्ही कुशींची छायाचित्रं मिळाली. ती मी त्या बीटाच्या, म्हणजे वन विभागाच्या त्या छोट्या हद्दीच्या, वनरक्षकांना दिली, त्यांनी ती कॅमेरा ट्रॅपमधल्या (जनावर समोरून गेलं की आपोआप चित्र घेणाऱ्या कॅमेऱ्यातल्या) आधीच्या चित्रांशी ताडून पाहिली, ती तीच मादी निघाली. मी ते चित्र कुठेही टाकलं नाही.

पुढे दुसऱ्या कोणी तरी तिचं मोबाइलवर काढलेलं चित्र वस्तीच्या नावासकट एका ग्रुपवर टाकलं. मग गाड्या येऊ लागल्या. पुण्याहून, पिंपरी-चिंचवडहून, रात्री नऊनंतर. बांधावरून सर्चलाइटचे झोत उसात टाकत माणसं फिरायची. एका गाडीतून जिवंत कोंबड्या आणल्या होत्या, त्या कशासाठी ते मी सांगायला नको. तिकडे शेतीची वीज अनेकदा रात्रपाळीत असते, शेतकऱ्याला अंधारात दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जावंच लागतं. जिथे बिबट्या आहे हे ठाऊक आहे तिथे शेतकरी आधीच जीव मुठीत धरून चालतो. त्यात अनोळखी गाड्या, आरडाओरडा आणि झोतांनी बिथरलेलं जनावर. त्याच आठवड्यात शेजारच्या वस्तीवरचं वासरू गेलं. ते या गर्दीमुळेच गेलं असं मी म्हणत नाही, ते सिद्ध करता येणार नाही. पण गावानं पिंजरा लावायची मागणी केली ती त्यानंतर, आणि मामी संध्याकाळी अंगणात यायची बंद झाली तीही त्यानंतर.

हे सगळं कोणतंही बक्षीस नसताना झालं. आता आपण बक्षीस लावलं आहे, आणि पत्ताही मागितला आहे.

माझा पहिला आक्षेप या विभागाच्या मुळाशीच आहे. आपण काळा बिबट्या, काळा वाघ आणि पांढरा वाघ एकाच रांगेत बसवले आहेत. दिसायला तिघेही 'वेगळे' असतील, पण त्या वेगळेपणामागची कारणं तीन आहेत, आणि त्यांतलं एक तर अभिमानानं मिरवण्यासारखं मुळीच नाही.

काळ्या बिबट्याचं पाहा. ती वेगळी जात नाही. रंग काळा करणारा जनुक आई आणि बाप दोघांकडून आला की पिल्लू काळं होतं. त्यामुळे नेहमीच्या रंगाच्या जोडप्यालाही काळं पिल्लू होऊ शकतं आणि एकाच वेताची भावंडं दोन रंगांची असू शकतात. दाट, ओलसर जंगलांत असे बिबटे जास्त आढळतात. मलाय द्वीपकल्पाच्या दक्षिण भागात तर जवळजवळ सगळे बिबटे काळेच आहेत. आपल्याकडेही सह्याद्रीत दक्षिणेकडे सरकत गेलं की ते अधूनमधून दिसतात, आणि २०१८ साली ताडोबासारख्या पानगळीच्या जंगलातही पर्यटकांना एक दिसला होता. म्हणजे हा निसर्गातला जुना, सर्वसाधारण फरक आहे. तो प्राणी आजारी नाही, आणि भावंडांपेक्षा थोरही नाही.

काळ्या वाघाची गोष्ट निराळी आहे. मोकळ्या जंगलात असे वाघ जगात एकाच ठिकाणी आहेत : ओडिशातल्या मयूरभंज जिल्ह्यातलं सिमिलिपाल. ते खरे काळेही नसतात. त्यांचे काळे पट्टे रुंद होत होत एकमेकांना भिडतात आणि मधला पिवळा रंग थोडाच उरतो. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या उमा रामकृष्णन आणि विनय सागर यांच्या गटानं २०२१ साली याचं कारण शोधून काढलं. टॅकपेप नावाच्या जनुकातला एक बदल आई-बाप दोन्ही बाजूंनी आला की पट्टे असे पसरतात. आफ्रिकेत 'किंग चीता' म्हणतात त्या पट्टेरी चित्त्यातही याच जनुकात बदल आहे. सिमिलिपालमध्ये एक तृतीयांशाहून जास्त वाघ असे निघाले, आणि देशातल्या बाकीच्या जंगलांतून घेतलेल्या नमुन्यांत तो बदल सापडला नाही. असं का? कारण सिमिलिपालचे वाघ मोजके आहेत आणि इतर वाघांपासून तुटलेले आहेत. बाहेरून नवं रक्त येत नाही, आतल्या आत वीण होते, आणि एरवी लाखात एखाद्या वेळी दिसावा असा बदल घराघरांत दिसू लागतो.

हे महाराष्ट्राला कळायला हवं, कारण त्यावरचा उपाय आपल्याच जंगलातून गेला आहे. २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ताडोबातून जमुना आणि झीनत या दोन वाघिणी सिमिलिपालला नेण्यात आल्या. तिथल्या वाघांच्या वंशात बाहेरचे जनुक मिसळावेत, आतल्या आत होणारी वीण तुटावी, हा त्यामागचा हेतू. झीनत तर तिथून निघून झारखंड ओलांडून पश्चिम बंगालपर्यंत चालत गेली. डिसेंबरच्या अखेरीस बांकुरा जिल्ह्यात तिला बेशुद्ध करून पकडावं लागलं आणि परत न्यावं लागलं. अनेक राज्यांचे वन विभाग, पशुवैद्यक, गळ्यातल्या रेडिओ कॉलरच्या खुणा धरून रात्रंदिवस मागावर असलेली माणसं, एवढा सगळा खटाटोप कशासाठी? तिथला वाघ एकाकी पडल्यामुळे जे झालं, ते सावरण्यासाठी. आणि आपण पुण्यात त्या एकाकीपणाच्या खुणेला सर्वांत मोठं बक्षीस लावतो आहोत. आपल्या परीक्षकांपैकी कोणाला तरी हे खटकायला हवं होतं.

पांढऱ्या वाघाबद्दल तर बोलायलाच नको, पण नियमावलीत आपण त्याचं नाव घातलं आहे म्हणून बोलावं लागतं. १९५१ च्या मे महिन्यात रीवाचे महाराजा मार्तंडसिंह यांनी एक पांढरा बछडा पकडला, त्याचं नाव मोहन. नेहमीच्या रंगाच्या वाघिणीपासून त्याला पांढरी पिल्लं होईनात, तेव्हा त्याच्याच मुलीशी, राधाशी त्याची जोडी लावली गेली. १९५८ साली त्यांना चार पांढरी पिल्लं झाली. आज जगभरच्या पिंजऱ्यांत दिसणारे पांढरे वाघ बहुतांशी याच घराण्याचे आहेत. डोळ्यांचा तिरळेपणा त्यांच्यात वारंवार आढळतो, तो त्या रंगाच्या जनुकाबरोबरच येतो. जंगलातला शेवटचा पांढरा वाघ १९५८ साली गोळी घालून मारल्याची नोंद आहे. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेनं २०११ साली, नुसता दुर्मीळ रंग मिळावा म्हणून अशी वीण करणं आपल्या सदस्यांसाठी चुकीचं ठरवलं. आपल्यापैकी बहुतेकांनी पांढरा वाघ पाहिला आहे तो कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात, जाळीच्या पलीकडे. मग 'वन्यजीव' स्पर्धेत पांढरा वाघ येणार तरी कुठून? पिंजऱ्यातला काढून, जाळी पुसून, किंवा संगणकावर रंग उडवून. तिसरी वाट मला तरी दिसत नाही.

दुसरा आक्षेप पत्त्याबद्दल आहे आणि तो माझ्यासाठी सर्वांत तातडीचा आहे. व्याघ्र प्रकल्पात निदान फाटक आहे, परवाना आहे, गाडीत गाईड आहे. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर अंतर ठेवायला सांगितलं आहे. तरीही काय होतं ते आपण पाहिलं. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिची पिल्लं सफारीच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी कोंडली. चित्रफीत सगळीकडे फिरली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून त्याची दखल घेतली. ती वाघीण नेहमीच्याच रंगाची होती. उद्या तिथे पट्टे पसरलेली वाघीण असती तर?

आणि हे झालं फाटकाच्या आतलं. आमच्याकडे उसाला फाटक नसतं. तिथे गाड्या मोजणारं कोणी नाही, अंतर मोजणारं कोणी नाही. रात्री दहा वाजता बांधावर उभ्या राहिलेल्या माणसाला जाब विचारायला बीटाचा एक वनरक्षक असतो, आणि त्याच्याकडे कित्येक गावं असतात. 'माळेगाव परिसर' एवढंच लिहिलं तरी पुरतं, अशी आपली समजूत असेल तर ती सोडून द्यावी. चित्रातला पंपाचा खोका, विजेच्या खांबावरचा क्रमांक, लांब दिसणारं देवळाचं शिखर, यावरून मंडळी नेमका बांध शोधून काढतात. मोबाइलच्या मूळ फाइलमध्ये तर अक्षांश-रेखांश आयतेच असतात. गावाचं नाव छापल्यानं एकट्या छायाचित्रकारांचीच सोय होते असंही नाही. बिबट्याच्या कातडीचा चोरटा व्यापार अजून संपलेला नाही.

कायदाही इथे मोकळा नाही, हे स्पर्धकांना कोणीतरी सांगायला हवं होतं. बिबट्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्या कायद्यात 'शिकार' म्हणजे फक्त बंदूक नाही. प्राण्याला हाकणं, आमिष लावणं आणि तसा प्रयत्न करणं हेही त्या व्याख्येत येतं. त्यामुळे कोंबडी बांधून उसाच्या कडेला बसलेला माणूस छायाचित्रकार आहे की आणखी कोणी, हा प्रश्न कायद्यापुढे सहज उभा राहू शकतो. आपल्या नियमावलीत आमिषाबद्दल एक ओळसुद्धा नाही. पक्ष्यांच्या विभागात मात्र 'घरट्यांची छायाचित्रं स्वीकारली जाणार नाहीत' असा नियम आहे. तो उत्तम आहे. मग ज्या प्राण्याच्या नावानं माणसं रात्री घराबाहेर पडत नाहीत, त्याच्यासाठी नियम का नाही?

तिसरी गोष्ट परीक्षकांसाठी, आणि ती मी शिष्याच्या नात्यानं लिहिते. वेगळा रंग हा छायाचित्रात सर्वांत सहज बनावट करता येणारा भाग आहे. संध्याकाळी मागून उजेड असताना एक-दोन स्टॉप कमी एक्सपोजर, म्हणजे कमी उजेड, दिलं की कोणताही बिबट्या काळा दिसतो. पावसात भिजलेला तर आणखी काळा. याउलट खऱ्या काळ्या बिबट्याच्या चित्रात सावल्या उचलल्या, म्हणजे अंधारे भाग उजळले, की त्याचे ठिपके वर येतात, कारण काळ्यातही ते असतातच. अंधारात चालणाऱ्या इन्फ्रारेड कॅमेऱ्यात ते इतके स्पष्ट उमटतात की मलेशियात संशोधकांनी त्यावरून काळे बिबटे एकेक करून ओळखले. व्हाइट बॅलन्स (चित्राची रंगछटा ठरवणारी सोय) पिवळसर-गुलाबीकडे ढकलला की सकाळच्या उन्हातला साधा वाघ 'सोनेरी' होतो. पट्टे जाड करायला हल्ली ब्रशचीही गरज नाही, चार शब्द लिहिले की यंत्र हवा तसा वाघ काढून देतं. आणि आपल्या नियमावलीत रॉ फाइल (कॅमेऱ्यातली मूळ, न बदललेली फाइल) मागितली आहे ती फक्त अंतिम फेरीत, तीही 'आवश्यक वाटल्यास'. ज्या विभागात जनावराचा रंग हेच बक्षिसाचं कारण आहे, तिथे रंगाचा पुरावा ऐच्छिक ठेवणं मला समजत नाही. प्रामाणिक स्पर्धकावर हा अन्याय आहे. तो चार वाजता उठून जातो, काही न मिळता परत येतो, आणि खुर्चीत बसून काळा केलेल्या बिबट्यापुढे हरतो.

यातून नव्या मुलांना आपण काय शिकवतो, हेही एकदा पाहावं. माझ्याबरोबर माळावर येणारी कॉलेजातली मुलं आहेत. चांगला डोळा आहे त्यांचा. मागच्या वर्षीपर्यंत ती लांडग्यांची कुटुंबं ओळखायची, कोणती मादी कोणत्या बिळाशी असते ते सांगायची. आता त्यांच्यात चर्चा आहे कर्नाटकातल्या कबिनीच्या जंगलाची फेरी किती पैशांत पडेल, काळा बिबट्या 'नक्की' दाखवणारा टूरवाला कोण. कबिनीच्या एका काळ्या बिबट्यानं गेल्या काही वर्षांत किती जिप्सींच्या रांगा पाहिल्या असतील कोण जाणे. त्या मुलांना दोष देत नाही. जिथे बक्षीस, तिथे पाय वळणारच. म्हणूनच बक्षीस कशाला लावायचं याचा विचार आपण करायला हवा.

"लोकांना हेच बघायचं असतं" या उत्तरावर दोन शब्द. बालगंधर्वच्या कलादालनात प्रदर्शन लागतं तेव्हा मी मुद्दाम लोकांच्या मागे उभी राहते. दोन वर्षांपूर्वी उसाच्या पाचटात निजलेल्या बिबट्याच्या पिल्लांचं एक साधं, धुरकट चित्र होतं, वन विभागाच्या माणसानं काढलेलं. त्याच्यापुढे गर्दी हलत नव्हती. आई परत येऊन त्यांना घेऊन गेली का, हा एकच प्रश्न सगळे विचारत होते. आजी विचारत होत्या, शाळेतली पोरं विचारत होती. लोकांना जनावराची गोष्ट बघायची असते. रंगाची हौस आपण त्यांच्या माथी मारू नये.

आता, वेगळ्या खुणांचं जनावर दिसलं तर छायाचित्रच काढू नये असं मी म्हणते आहे का? नाही. मी स्वतः काढलं आहे आणि पुन्हा दिसलं तर पुन्हा काढेन. वाघाचे पट्टे आणि बिबट्याचे ठिपके हे माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखे असतात, दोघांचे सारखे नसतात. वाघांचे अभ्यासक उल्हास कारंत यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत कॅमेरा ट्रॅपच्या चित्रांतून पट्टे ताडून वाघ मोजायची पद्धत आपल्या देशात रुजवली, आणि आजची व्याघ्रगणना त्याच पायावर उभी आहे. एकाच जनावराची डावी आणि उजवी कुस वेगळी असते, त्यामुळे ओळख पटवायला दोन्ही बाजू लागतात. स्पर्धा जिंकणारं चित्र बहुतेक वेळा समोरून असतं : डोळ्यांत डोळे, मागे अंधार. ओळख पटवायला ते फारसं उपयोगी पडत नाही. त्याच जनावराचं आडव्या उजेडातलं, खांद्यापासून शेपटीपर्यंत स्पष्ट दिसणारं साधं चित्र वनरक्षकाच्या हातात पडलं, तर ही कालच्या पिंजऱ्यातली मादी की दुसरी, एका गावातला आणि पलीकडच्या गावातला बिबट्या एकच की दोन, हे कळू शकतं. जुन्नर भागात, जिथे एका हल्ल्यानंतर कोणता बिबट्या पकडायचा यावर एका जनावराचा जन्म पकडलेले बिबटे ठेवायच्या माणिकडोहच्या निवारण केंद्रात जाणार की उसात, हे ठरतं, तिथे या माहितीचं मोल मी काय सांगू. पुण्यात हौशी छायाचित्रकार पुष्कळ आहेत, लेन्सा उत्तम आहेत, वेळ आहे. एवढी ताकद काळा रंग शोधत फिरण्यात घालवण्याऐवजी इकडे वळवली तर तिचा उपयोग आहे. आणि आपली संस्था ती वळवू शकते, म्हणूनच मी आपल्याला लिहिते आहे, दुसऱ्या कोणाला नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

'दुर्मीळ रंगरूप' हा विभाग याच वर्षी रद्द करावा. पुढच्या वर्षी विचार करू, असं नको. प्रवेशिका याच पावसाळ्यात मागवल्या आहेत, म्हणजे माणसं आत्ताच बाहेर पडणार आहेत. आलेल्या प्रवेशिका सस्तन प्राण्यांच्या नेहमीच्या विभागात घ्याव्यात आणि तिथे रंगाला वेगळे गुण देऊ नयेत.

वाघ, बिबट्या, लांडगा, तरस यांच्या कोणत्याही छायाचित्राखाली गाव, वस्ती, बीट किंवा सफारीचा मार्ग छापू नये. जिल्ह्याचं नाव पुरे. प्रवेशिकेत नेमकं ठिकाण घेतलंच तर ते संबंधित वनक्षेत्रपालांकडे द्यावं आणि संस्थेकडे ठेवू नये. निवडलेल्या फाइली प्रसिद्ध करताना त्यांतली ठिकाणाची माहिती काढून टाकावी, आणि चित्रात जागा ओळखू येईल असं काही असेल तर ते चित्र छापू नये, कितीही देखणं असलं तरी.

आमिष, सर्चलाइट, फ्लॅश, ध्वनिमुद्रित आवाज, उसात किंवा गुहेत शिरून काढलेली पिल्लांची छायाचित्रं बाद ठरतील, हे नियमावलीत स्पष्ट लिहावं. प्रत्येक स्पर्धकाकडून तसं लेखी घ्यावं. पिंजऱ्यातल्या, प्राणिसंग्रहालयातल्या किंवा निवारण केंद्रातल्या प्राण्याचं चित्र वन्यजीव म्हणून स्वीकारू नये.

पहिल्याच फेरीत रॉ फाइल घ्यावी. ती नसेल तर प्रवेशिका नाही.

परीक्षक मंडळात एक तरी माणूस वन विभागातला किंवा मोठ्या मांजरांवर काम केलेला संशोधक असावा, आणि त्याला नकाराचा अधिकार असावा. नुसतं व्यासपीठावर नाव नको.

आणि शेवटची, जी मागणीपेक्षा विनंती जास्त आहे. रद्द केलेल्या विभागाच्या बक्षिसाची रक्कम जुन्नर वन विभागाच्या हद्दीतल्या एखाद्या गावाच्या शाळेला द्यावी : बॅटऱ्या, शाळेच्या वाटेवरचे दिवे, मुलांना ने-आण करायची सोय, गावाला जे हवं ते. ज्या गावांतल्या बिबट्यांची छायाचित्रं आपण भिंतीवर लावतो, त्या गावांशी आपलं एवढं नातं असायला हरकत नाही.

खाली मी नाव लिहिलेलं नाही. माझ्या नावावरून आजोळचं गाव काढणं अवघड नाही, आणि ती मादी अजून त्याच भागात आहे. आपल्याला पाठवलेल्या प्रतीवर नाव, पत्ता आणि फोन आहे. प्रवेशिकांची मुदत संपण्याआधी जाहीर उत्तर द्यावं. कार्यकारिणीच्या बैठकीत बोलावलंत तर मी येईन, आणि मामांनाही घेऊन येईन. त्यांनी होकार दिला आहे.

आपली,
एक हौशी वन्यजीव छायाचित्रकार,
सिंहगड रस्ता, पुणे